तलावापासून तांब्यापर्यंत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या आठवीच्या वर्गांतील चार बांकें एकाच आठवड्यांत रिकामीं पडलीं. चौकशी करतां चौघांनाहि कावीळ झाल्याचें समजलें. चौघेहि एकाच इमारतींत राहणारे. शाळा सुटल्यावर आम्ही त्यांच्या समाचारास गेलों. त्यांपैकीं एकाच्या आईनें डोळ्यांस पदर लावून आम्हांस विचारलें, "सर, आम्ही तर नळाचंच पाणी पितो. विहिरीचं नाही, टँकरचं नाही. मग हे झालं कसं?"

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. चौघेहि मुलगे आतां बरे होऊन वर्गांत बसूं लागले आहेत, परंतु तो प्रश्न मात्र आमच्या मनांत घर करून राहिला. जें पाणी निर्मळ करण्यासाठीं एवढें मोठें शहर रात्रंदिवस राबतें, तें आमच्या मुलांच्या ओठांशीं येईपर्यंत रोगकारक कसें व्हावें? प्रस्तुत लेख म्हणजे त्या माउलीला उशिरां दिलेलें उत्तर होय. उत्तर समजण्यासाठीं मुंबईचें पाणी येतें कोठून व तें शुद्ध होतें कसें, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

मुंबई हें मूळचें सात बेटांचें गांव. चोहोंकडे समुद्र, पण पिण्याजोगें पाणी थोडें. दोनशें वर्षांपूर्वीं येथील लोक विहिरींचें व तळ्यांचें पाणी पीत असत. धोबीतलाव, गोवालिया टँक, दो टाकी हीं नांवें आज आपण सहज उच्चारतों. परंतु त्या ठिकाणीं एकेकाळीं खरोखरीच तळीं होतीं, हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. उदार गृहस्थांनीं लोकोपकारार्थ अनेक तळीं व विहिरी बांधिल्या होत्या. पुढें वस्ती वाढली. एकाच तळ्यांत धुणें, स्नान, गुरें धुणें आणि पिणें अशीं सर्व कामें होऊं लागलीं. उन्हाळ्यांत तळ दिसूं लागे, आणि पटकीची सांथ वारंवार येऊन घरेंच्या घरें ओस पाडी.

अखेरीस सरकारनें साष्टी बेटांतील मिठी नदीच्या खोऱ्यांत, विहार येथें, धरण बांधण्याचें काम १८५६ सालीं हातीं घेतलें, आणि १८६० सालीं विहारचें पाणी नळानें मुंबईंत आलें. वाढत्या शहराला तेंहि पुरेना. म्हणून १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं तानसा असे आणखी दोन तलाव तयार झाले. स्वातंत्र्यानंतर १९५७ सालीं वैतरणा नदीवर मोडकसागर बांधला गेला. मोडक नांवाच्या अभियंत्याच्या स्मरणार्थ त्यास हें नांव मिळालें. १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा, १९८० नंतरच्या दशकांत भातसा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा, अशी ही सात तलावांची मालिका पूर्ण झाली.

हे सातहि तलाव कांठोकांठ भरले म्हणजे त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर उपयोगी पाणी मावतें. त्यांपैकीं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्में, एकट्या भातसाचें. आणि सर्वांत धाकटा जो तुळशी, त्याचें केवळ ८,०४६ दशलक्ष लिटर. शहराला रोज सुमारें ३,८५० दशलक्ष म्हणजे ३८५ कोटि लिटर पाणी पुरविलें जातें. आतां विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा: भरलेले तलाव किती दिवस पुरतील? उत्तर एका वर्षाहून थोडें अधिक येतें. त्यांतून उन्हानें आटणारें पाणी वजा करा. म्हणजे वर्तमानपत्रांत जून-जुलै महिन्यांत तलावांच्या पातळीचे आंकडे रोज कां छापतात व आपले वडील ते इतक्या काळजीनें कां वाचतात, हें तुमच्या लक्षांत येईल. ही सर्व नगरी एका पावसाळ्याकडून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उसनवारीवर जगत असते.

पाण्याचें शुद्धीकरण हें कारखान्यांत सुरू होतें असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तें रानांत सुरू होतें. तुळशी व विहार हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यांत आहेत. तानसाच्या भोंवतींहि अभयारण्य आहे. डोंगरावर झाडें असलीं म्हणजे पावसाचा मारा पानांवर पडतो, मुळें माती धरून ठेवितात, आणि पाणी गाळ न आणतां हळूहळू तलावांत उतरतें. तेथें वस्ती नसल्यामुळें सांडपाणीहि त्यांत मिसळत नाहीं. तलावांत पाणी महिनेमहिने स्थिर राहतें. जड गाळ तळाशीं बसतो, आणि पुष्कळसे रोगजंतु अन्नाच्या अभावीं व उन्हाच्या तापानें आपोआप मरतात. जें रान आपण तोडतों, त्याचें काम पुढें यंत्रांकडून पैसे मोजून करून घ्यावें लागतें.

तलावांतून निघालेलें पाणी प्रचंड नळांतून व डोंगराच्या पोटांत खोदलेल्या बोगद्यांतून शहराकडे येतें. वैतरणा व तानसा यांचें बरेंचसें पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येतें. भातसाचें पाणी नदीच्या पात्रांतून पिसें या ठिकाणीं येतें व तेथून पंपांनीं उचलावें लागतें. हें पाणी मुख्यतः दोन ठिकाणीं शुद्ध होतें: एक भांडुप येथें व दुसरें ठाणें जिल्ह्यांतील पांजरापूर येथें. भांडुपचें केंद्र आशियांतील फार मोठ्या केंद्रांत गणलें जातें. त्याच्या मूळच्या भागाची शक्ति रोज १९१ कोटि लिटर पाणी शुद्ध करण्याची असून पुढें तींत आणखी ९० कोटि लिटरांची भर पडली आहे.

तेथें पाण्याचें काय होतें, हें समजावें म्हणून आम्हीं मुलांकडून प्रयोगशाळेंत एक सोपा प्रयोग करविला. शाळेच्या पटांगणांतील मूठभर माती बादलीभर पाण्यांत कालवून तें गढूळ पाणी तीन कांचपात्रांत भरलें. पहिलें तसेंच ठेविलें. दुसऱ्यांत व तिसऱ्यांत तुरटीचें थोडें पाणी घालून प्रथम जोरानें व मग अगदीं संथपणें ढवळलें. पहिल्या पात्रांत जड माती खालीं बसली, परंतु पाणी दुसऱ्या दिवशींहि चहासारखें गढूळच राहिलें. दुसऱ्यांत व तिसऱ्यांत मात्र थोड्याच वेळांत कापसाच्या पुंजक्यांसारखे गोळे दिसूं लागले आणि ते हळूहळू तळाशीं जाऊन पाणी निवळलें. मग तिसऱ्या पात्रांतील निवळलेलें पाणी मुलांनीं वाळूच्या थरांतून गाळून घेतलें. तें इतकें स्वच्छ झालें कीं, पात्रामागें धरलेल्या पुस्तकाचीं अक्षरें वाचतां येऊं लागलीं.

याचें कारण असें. मातीचे अतिसूक्ष्म कण सर्व एकाच जातीच्या विद्युद्भारानें भारलेले असतात. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात. म्हणून हे कण कधीं एकत्र येत नाहींत व एकएकटे इतके हलके असतात कीं खालींहि बसत नाहींत. तुरटींत जें ॲल्युमिनियम असतें त्याचा भार उलट जातीचा. तें पाण्यांत मिसळलें म्हणजे कणांमधील वैर नाहींसें होतें आणि ते एकमेकांस चिकटूं लागतात. ताक घुसळतांना लोण्याचे कण कसे जमतात, तें तुम्हीं घरीं पाहिलें असेल. शेवटीं रवी हळू फिरवावी लागते, नाहींतर जमलेला गोळा फुटतो. पाण्याचेंहि तसेंच आहे: प्रथम वेगानें ढवळावयाचें, तें औषध सर्वत्र पसरावें म्हणून, मग संथपणें, तें पुंजके मोठे व्हावे म्हणून. आमच्या आज्या गढूळ पाण्यांत तुरटीचा खडा फिरवीत किंवा निवळीचें बी उगाळून घालीत, त्यांतहि हेंच तत्त्व होतें. आजच्या केंद्रांत तुरटीऐवजीं पुष्कळदां पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड नांवाचा तिचाच एक सुधारलेला भाऊबंद वापरतात.

पुंजके मोठमोठ्या हौदांत खालीं बसले म्हणजे वरचें निवळ पाणी वाळूच्या गाळण्यांवर सोडतात. वाळू ही चाळणीसारखी काम करिते असें आपणांस वाटतें. परंतु हिशेब करून पाहा. गाळणींतील वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, आणि रोगजंतु मिलिमीटराच्या हजाराव्या भागाएवढा. दोन कणांमधल्या फटींतून असे शेंकडों जंतु हातांत हात घालून निघून जातील! परंतु तुरटीनें त्यांना पुंजक्यांत बांधून टाकलेलें असतें, व ते पुंजके वाळूच्या वांकड्यातिकड्या वाटांत कणांना चिकटून राहतात. म्हणजे तुरटीवांचून वाळू पांगळी, आणि वाळूवांचून तुरटीचें काम अपुरें. कांहीं काळानें वाळूचे मार्ग तुंबले म्हणजे खालून वर पाणी व हवा जोरानें सोडून ती धुऊन काढितात व गाळणी पुन्हां कामाला लागते.

येथवर पाणी डोळ्यांना स्वच्छ झालें. परंतु डोळ्यांना स्वच्छ तें निर्धोक, असें समजणें हीच सर्वांत मोठी चूक होय. प्रयोगशाळेंतील तें तिसऱ्या पात्रांतील पाणी पिण्यास एक मुलगा पुढें झाला, तेव्हां आम्हीं त्याचा हात धरला. त्या पाण्यांत किती जंतु उरले असतील, हें आम्हां कोणासहि सांगतां आलें नसतें.

गाळलेल्या पाण्याचें महत्त्व जगाला कसें पटलें, याची एक हकीकत विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. जर्मनींत एल्ब नदीच्या कांठीं हांबुर्ग व आल्टोना हीं दोन शहरें अगदीं लागून होतीं. दोघेंहि त्याच नदीचें पाणी पीत. आल्टोना तर हांबुर्गच्या खालच्या अंगास असल्यामुळें हांबुर्गची घाण मिसळलेलें पाणी त्याच्या वांट्यास येई. परंतु आल्टोनाचे लोक तें वाळूंतून गाळून घेत, हांबुर्गचे घेत नसत. १८९२ सालीं पटकी आली. हांबुर्गांत साडेआठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. आल्टोना बहुतांशीं वांचलें. हवा एक, जमीन एक, नदी एक. फरक तेवढा गाळणीचा. पटकीचा जंतु ओळखणारे डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं हा पुरावा जगापुढें मांडला. याच कॉख यांनीं १८८४ सालीं आपल्या देशांत येऊन कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यांत तो जंतु शोधून काढिला होता.

गाळणींतूनहि जे थोडे जंतु निसटतात, त्यांचा समाचार क्लोरिन घेतो. हा हिरवट-पिवळा वायु मूळचा विषारी. परंतु पाण्यांत अत्यल्प प्रमाणांत मिसळला असतां तो जंतूंच्या शरीराची घडणच मोडून टाकितो. अमेरिकेंतील जर्सी सिटी या शहरानें १९०८ सालापासून आपल्या सर्व पाण्यास क्लोरिनचें औषध देण्यास आरंभ केला व लवकरच तें जगभर पसरलें. क्लोरिनला आपलें काम करण्यास सुमारें अर्धा तास अवधि द्यावा लागतो. म्हणून शुद्ध झालेलें पाणी लगेच घरोघर न सोडतां आधीं मोठ्या जलाशयांत सांठवितात. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यानांत खेळावयास गेलेल्या मुलांना ठाऊक नसतें कीं, आपल्या पायांखालीं गवताच्या आड असाच एक जुना जलाशय आहे!

कित्येक पालक आमच्याजवळ तक्रार करितात कीं, "नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो." त्यांना आमची विनंति कीं, त्या वासाला शत्रु समजूं नका. शुद्धीकरण झाल्यावरहि थोडा क्लोरिन मुद्दाम पाण्यांत शिल्लक ठेवितात. आपल्या घराच्या नळाशीं तो लिटरमागें निदान एक पंचमांश मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे. म्हणजे पन्नास लाख भागांत एक भाग! एवढासा तो, परंतु केंद्रापासून घरापर्यंतच्या लांब वाटेवर पाण्याबरोबर चालणारा तो पहारेकरी होय. वाटेंत थोडी घाण शिरली तर तो तिच्याशीं झुंजतो. घाण फार असली तर मात्र तो त्या झुंजींत स्वतः संपून जातो. म्हणून ज्या पाण्याला एरवीं थोडा वास येत असे, त्याचा वास एकाएकीं गेला, तर आनंद न मानतां सावध व्हावें.

पाणी खरोखरीच निर्धोक आहे कीं नाहीं, हें शेवटीं परीक्षणावरून ठरतें. निरनिराळ्या वस्त्यांतून नमुने आणून त्यांत ई. कोलाय नांवाचा जंतु आहे काय, हें पाहतात. हा जंतु माणसांच्या व जनावरांच्या आंतड्यांत राहतो. त्याच्या बहुतेक जाती स्वतः फारसा अपाय करीत नाहींत. परंतु तो सांपडला म्हणजे पाण्यांत मैला शिरला असें निश्चित समजावें, आणि जेथें मैला शिरला तेथें पटकी, विषमज्वर, कावीळ यांना वाट मोकळी झाली. चोर दिसला नाहीं तरी चोराच्या पावलाचा ठसा दिसावा, तसें हें आहे. १०० मिलिलिटर पाण्यांत असा एकहि जंतु आढळतां कामा नये.

ही परीक्षा पाण्याला एवढेंच विचारते. तें कोणी भरलें, कोणाच्या हाताचा त्याला स्पर्श झाला, हें ती विचारीत नाहीं. आपल्या समाजांत मात्र 'शुद्ध पाणी' या शब्दांचा अर्थ फार काळ निराळा केला गेला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं सहस्रावधि लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन तेथील पाणी प्राशन केलें. त्यानंतर कांहीं लोकांनीं तें तळें विधिपूर्वक 'शुद्ध' करून घेतलें. माणसाच्या स्पर्शानें न बिघडलेलें पाणी शुद्ध करावयास जे निघाले, त्यांनीं त्यांतील खऱ्या जंतूंचा विचारहि केला नाहीं! आमच्या शाळेच्या नळावर सर्व घरचीं मुलें एकाच रांगेंत उभीं राहून पाणी पितात. विज्ञानानें शिकविलेली शुद्धाशुद्धता हीच खरी, व ती सर्वांना सारखी लागू आहे, हें त्यांनीं त्या रांगेंतच शिकावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पाणी केंद्रांतून निर्दोष निघालें, तर मग त्या चार मुलांस कावीळ कां झाली?

आमच्या शहरांत बहुतेक ठिकाणीं पाणी चोवीस तास येत नाहीं. दिवसांतून कांहीं तासच येतें. नळांत पाणी दाबानें भरलेलें असतें, तोंवर नळाला कोठें चीर असली तरी पाणी बाहेर गळतें, बाहेरची घाण आंत शिरत नाहीं. परंतु पुरवठा बंद होऊन नळ रिकामा होऊं लागला कीं आंतील दाब उतरतो. अशा वेळीं शेजारच्या गटारांतील किंवा ओल्या जमिनींतील पाणी त्याच चिरेंतून आंत ओढलें जातें. कोणी नळाला थेट पंप लावून पाणी खेंचलें, तर ही ओढ अधिकच वाढते; म्हणजे तो मनुष्य शेजाऱ्याचें पाणी तर पळवितोच, शिवाय स्वतःच्या घरांत घाणहि ओढून आणतो. म्हणून नळ आल्याबरोबर येणारें पहिलें थोडें पाणी पिण्यास भरूं नये, तें धुण्याभांड्यांस घ्यावें.

दुसरी जागा म्हणजे इमारतीची टाकी. नळाचें पाणी प्रथम तळाशीं असलेल्या जमिनीखालच्या टाकींत उतरतें, तेथून पंपानें गच्चीवरील टाकींत चढतें, आणि मग घराघरांत येतें. त्या चौघांच्या इमारतींत आम्ही पालकांसमवेत खालची टाकी पाहावयास गेलों. तिचें झांकण एका कोपऱ्यास फुटलेलें होतें. हातभर अंतरावर सांडपाण्याचें गटार होतें. जुलै महिन्यांत एकदां मुसळधार पाऊस पडून तें अंगण गुडघाभर पाण्यांत बुडालें होतें, असें तेथील रखवालदारानें सांगितलें. त्या दिवशीं गटाराचें पाणी व टाकीचें पाणी एक झालें असणार. मग तेथें पहारेकरी क्लोरिनचा कितीसा टिकाव लागावा?

"पण जुलै जाऊन महिना झाला होता," असें एका पालकानें म्हटलें. त्यांची शंका रास्त होती. परंतु उलगडा तिच्यांतच होता. दूषित पाण्यांतून पसरणाऱ्या काविळीचा विषाणु पोटांत गेल्यावर रोग दिसावयास दोन ते सात आठवडे, साधारणतः चार आठवडे, लागतात. तोंवर पूर ओसरलेला असतो, टाकी दहा वेळां भरून रिकामी झालेली असते, आणि आई त्या दिवशींच्या स्वच्छ तांब्याकडे पाहून म्हणते, "पाणी तर चांगलं आहे!" रोग्याच्या अंथरुणाशीं बसून पाण्याचा विचार करूं लागलों, तर आपण नेहमीं महिनाभर उशीर केलेला असतो.

दुसऱ्याची टाकी पाहून आल्यावर आम्हांस आमचीहि आठवली. ज्या इमारतींत आम्ही गेलीं अनेक वर्षें राहतों, तिच्या गच्चीवर आम्ही त्या रविवारीं प्रथमच चढलों. झांकण होतें, पण नुसतें टेकविलेलें. आंत तळाशीं चार बोटें गाळ, आणि पाण्यावर कबुतराचीं दोन पिसें तरंगत होतीं. इतकीं वर्षें आम्ही वर्गांत पाण्याचे गुणधर्म शिकवीत होतों, आणि घरीं हेंच पाणी पीत होतों! मुलांना हें सांगतांना आम्हांस लाज वाटली. परंतु सांगितलें, कारण लाजेपेक्षां मुलांचें आरोग्य मोठें आहे.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, टाकी वर्षांतून निदान दोनदां धुवून घ्यावी, एकदां पावसाळ्यापूर्वीं व एकदां नंतर. आणि झांकण घट्ट व कुलुपबंद असावें. अंगणांत पुराचें पाणी चढलें, तर टाकी रिकामी करून, धुऊन, जंतुनाशक औषध घातल्यावांचून तिचें पाणी पिऊं नये. दुसरी, पाण्याला रंग, दुर्गंध किंवा गढूळपणा आल्यास 'होईल ठीक' म्हणून न थांबतां महापालिकेच्या विभाग कचेरीस त्याच दिवशीं कळवावें. तुमच्या घराआधीं कोठें नळ फुटला आहे, हें तुमच्याच तक्रारीवरून कळावयाचें असतें.

तिसरी गोष्ट उकळण्याची. पावसाळ्यांत व सांथीच्या दिवसांत पिण्याचें पाणी खळखळून उकळूं लागल्यावर निदान एक मिनिट तसेंच ठेवावें व झांकून निववावें. नुसतें कोमट करून उपयोग नाहीं. आमच्या घरोघर जुन्या लुगड्याच्या घड्यांतून पाणी गाळण्याची चाल आहे. ती वेडगळ समजूं नये. बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीनें पाणी गाळून पाहतां पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटलें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत आढळलें. पटकीचे जंतु पाण्यांतील बारीक जीवांना चिकटून असतात, व ते जीव कापडांत अडकतात. परंतु काविळीचा विषाणु इतका सूक्ष्म कीं, कापडाला तो मुळींच जुमानीत नाहीं. म्हणून गाळणें हें उकळण्याच्या जागीं नव्हे, तर उकळण्यापूर्वीं.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. शुद्ध पाण्याच्या माठांत हाताचीं बोटें बुडवूं नयेत. माठावर झांकण असावें, आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें किंवा माठाला तोटी असावी. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. दीडशें किलोमीटरांवरून जपत आणलेलें पाणी शेवटच्या वीतभर अंतरावर आपल्याच बोटांनीं बिघडावें, याहून दुर्दैव तें कोणतें?

लेख संपविण्यापूर्वीं आणखी एक ऋण सांगितलें पाहिजे. भातसा व तानसा हे तलाव ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील कित्येक पाड्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तेथील बायामुली डोक्यावर हंडे घेऊन दूरवर पाण्यास जातात. धरणांसाठीं त्या मुलखांतील लोकांनीं जमिनी दिल्या. त्यांच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आमच्या तांब्यांत येतो. आमच्या मुलांनीं दांत घांसतांना नळ उघडा टाकला, तर त्यांना कोणी रागावण्याची गरज पडूं नये. त्या हंड्यांची आठवण पुरेशी व्हावी.

ती आई पुन्हां भेटली, तेव्हां आम्हीं तिला हें सर्व थोडक्यांत सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे सर, पाणी चांगलंच आलं होतं. आम्हीच ते सांभाळलं नाही." आम्हीं म्हटलें, "बाई, तुम्हीच नव्हे. आम्हीहि नाहीं."

त्या इमारतीच्या टाकीला आतां नवें लोखंडी झांकण बसलें आहे. आठवीच्या मुलांनीं आपापल्या इमारतींतील वडील माणसांस बरोबर घेऊन टाक्या पाहिल्या. शेवटची धुलाई केव्हां झाली, हें पुष्कळ ठिकाणीं कोणासहि सांगतां आलें नाहीं. आतां त्यांतील कित्येक टाक्यांवर धुलाईची तारीख रंगानें लिहिलेली दिसते. तलावापासून नळापर्यंतचें काम हजारों माणसें आपल्यासाठीं करीत आहेत. नळापासून तांब्यापर्यंतचें काम मात्र आपलें आहे, आणि तें आपल्यासाठीं दुसरा कोणी करणार नाहीं. विद्यार्थीमित्रांनो, हें पान वाचून झाल्यावर अंक मिटा, आणि प्रथम आपल्या टाकीचें झांकण पाहून या.